मागचा ओटा

मोतीरामने सब्बल जमिनीत रोवली, दोन्ही हातांनी हलवून सैल केली आणि काळ्या मातीचं भलंमोठं ढेकूळ उलटं पाडलं. न्हाणीच्या भिंतीपासून कडुनिंबापर्यंत परसात मांडीभर खोल खड्डा झाला होता, तरी गड्याचं समाधान होईना. कडेला उकिडवा बसलेला शकूर मिस्त्री तंबाखू मळत बघत होता.

"मोतीरामभाऊ, ओटा बांधाचा हाय का इहीर खोदाची हाय?"

"मुरूम लागेपर्यंत खोदतो. पुढच्या ओट्याचं काय झालं, पाह्यलं ना तुमी?"

शकूरने पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे काय, बांधला होता त्यानेच. ही काळी माती उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी फाटते आणि पावसाळ्यात फुगून वर येते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं की ती ते उचलून फेकते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण घरात लग्न निघालं की शहाणपण खुंटीला टांगून सगळे तेच करतात. मोतीरामनेही केलं होतं. अर्पिताच्या लग्नात पाहुणे पुढे बसायचे म्हणून घाईघाईत ओटा ओतून घेतला होता. दोन पावसाळे झाले नि तो मधोमध चिरला, पायरी रस्त्याकडे कलली.

"तवा तुमालेच घाई होती," शकूर म्हणाला.

"होती. आता नाही." मोतीरामने पुन्हा सब्बल उचलली.

अर्पिता संक्रांतीला माहेरी आली होती, ती परत गेली नव्हती. जावयाने हात उचलला होता, एकदा नव्हे, आणि सासूने "घरोघरी मातीच्याच चुली" म्हणून वर मीठ चोळलं होतं. पोरगी एक पिशवी घेऊन बसमध्ये बसली आणि सरळ घरी आली. मोतीरामने तिला एका शब्दानेही काही विचारलं नाही. जावयाचं नाव निघालं की तो भरल्या ताटावरून उठायचा, इतका त्याला राग होता.

पण त्याच संध्याकाळी समोरच्या मंजुळाबाई वाण घेऊन आल्या. मंजुळाबाईंच्या कानावर गेलं म्हणजे चिखलीच्या बाजारात गेलं. त्यांनी दारातच विचारलं, "अर्पिता दिसली जी. काऊन आली?" आणि मोतीरामच्या तोंडून निघून गेलं, "आली हाय चार दिसासाठी."

त्यानंतर शिवरात्र गेली, होळीही पेटून विझली. अर्पिताने पुढच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. हीच पोर लहानपणी त्या दारात बोरं खात बसायची, आल्यागेल्याला हाका मारायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या घरी पाहुणे आले, सगळी खबर हिच्याकडे. ती आता भर दुपारची मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली बघून मोतीरामचा जीव तुटायचा. लोक विचारतील म्हणून भिते बिचारी, त्याने ताडलं. मग पोरीला वारा लागेल, सावली मिळेल आणि कुणी विचारणार नाही अशी जागा करायचीच, असं त्याच्या मनाने घेतलं. आणि मोतीरामच्या मनाने घेतलं की घेतलं.

मुरूम लागला तेव्हा कुठे तो खड्ड्याबाहेर आला. टेकडीकडून ट्रॉलीभर मुरूम आणला. थोडा पसरायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचं, मग पुन्हा थोडा. शकूर म्हणाला, एकदमच भरून टाकू. मोतीराम ऐकेना. त्याच्या हाताला फोड आले, फुटले, तरी तो ठोकत राहिला. अर्पिता नळी धरून पाणी मारायची. त्यावर दगड बसवले, दगडांवर खडीची बारीक चुरी पसरली. कडुनिंबाच्या बुंध्याभोवती माती मोकळी सोडली, झाडालाही प्यायला लागतं. पाणी भिंतीत मुरू नये म्हणून उतार परसामागच्या बांधाकडे काढला. फरशी आणली तीही खरबरीत, गुळगुळीत फरशीवर ओल्या पायाने माणूस घसरतं.

"फरश्यायच्या मधात सिमेंट नाही भराचं?" अर्पिताने विचारलं.

"चुरी भराची. खालची जमीन हलली तं फरशीलेही थोडं हलता आलं पाह्यजे. जखडून ठेवलं की फुटते."

 नळी दुसऱ्या हातात घेऊन अर्पिताने पाण्याची धार पुढे सरकवली.

शेवटी मोतीरामने शेतातून उपटलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणल्या आणि ओट्याच्या तिन्ही बाजूंनी कूड घातला, चांगला पुरुषभर उंच. अन्नपूर्णाबाई कमरेवर हात ठेवून नवऱ्याची कारागिरी बघत उभ्या राहिल्या.

"एवढा उंच काऊन?"

"झळा लागू नये म्हनून."

"झळा लागन नाही आन् वाराही लागन नाही. कोंबड्यायसारखं बसा मंग आतमंदी."

मोतीरामने सुतळीची गाठ आवळली.

उन्हं कलल्यावर त्याने ओटा धुतला, बाज टाकली आणि लेकीला हाक मारली. अर्पिता अनवाणीच आली. एकेका फरशीवर पाय दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. एकही फरशी डुगडुगली नाही.

"लय सुंदर झाला, बाबा."

"बस ना."

ती बाजेवर बसली. तो खाली फरशीवर. वर कडुनिंबाला नवी पालवी होती. अर्पिता जरा वेळ वर बघत राहिली, मग तिची नजर कुडावर आली.

"अठून गल्ली दिसत नाही."

"आन् गल्लीतून तू दिसत नाही," मोतीराम म्हणाला. आवाजात कौतुक होतं, स्वतःच्याच कामाचं.

अर्पिताने हात लांबवून एका पऱ्हाटीच्या बोंडात अडकलेला कापूस ओढून काढला.

"म्हंजे त्यासाठी बांधला."

"कोनी काही इचारू नये म्हनून, बाई. तुले तरास नको."

"इचारलं तं मी सांगीन ना." ती कापूस बोटांनी विंचरत होती. "मी पुढं काऊन बसत नाही, मालूम हाय तुमाले?"

"लोकायपायी."

"नाही. तुमी मंजुळाकाकूले म्हनलं, चार दिसासाठी आली. मी रोज पुढं बसली तं तुमी गल्लीत खोटे पडता. म्हनून नाही बसत."

 मोतीराम लेकीला झाकत होता आणि लेक त्याला झाकून बसली होती, होळी उलटून गेली तरी. त्याला लाज वाटली. फोड फुटलेला तळहात त्याने फरशीवर टेकवला. फरशी अजून ओली होती.

"मजबूत झाला पन," अर्पिताच म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली जागी झाली ती दणदण आवाजाने. मोतीराम पुढच्या ओट्याच्या चिरेत सब्बल घालून काँक्रीटचा तुकडा उचकटत होता. मंजुळाबाई सडा टाकायला बादली घेऊन निघाल्या होत्या, त्या तशाच थांबल्या.

"हे काय जी, मोतीरामभाऊ? मागं बांधला न् पुढचा फोडून राह्यले? आन् अर्पिता अजून गेली नाही वाटते सासरी?"

मोतीराम सरळ उभा राहिला. घाम पुसला. आतल्या खोलीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात बोलला.

"नाही गेली. जानारही नाही. तो मारे तिले. चार दिसाचं मी खोटं बोललो होतो. हा ओटा तिच्यासाठीच बांधून राह्यलो, आता घाई नाही करत."

मंजुळाबाईंच्या हातातली बादली जमिनीवर टेकली. एवढी मोठी खबर हातात आयती पडली, तरी त्यांनी विचारलं ते ओट्याचंच.

"मंग मागचा?" त्या म्हणाल्या.

"मागचा पापड वाळवाले होईन."

आतून दाराची कडी वाजली. अर्पिता चहाचा कप घेऊन बाहेर आली. तिने उन्हाकडे डोळे बारीक करून बघितलं, गल्लीकडे बघितलं आणि त्या कललेल्या पायरीवर जाऊन बसली.

"उठ, बाई. ती पायरी फोडाची हाय."

"दुपारी फोडा," अर्पिता म्हणाली. "काकू, चहा घेता का?"

मोतीरामने सब्बल उचलली आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.