लंकाबाईंचा शेवटचा शब्द

लंकाबाईंनी लासलगावजवळचं शेत वाट्याने दिलं आणि गंगापूर रोडच्या वृद्धनिवासात खोली घेतली, ती स्वतःच्या मर्जीने. लेकाकडे राहावं तर मुलगी रुसणार, लेकीकडे राहावं तर मुलगा रागावणार, आणि टीव्हीचा रिमोट दोन्हीकडे मिळणार नाही, असा त्यांचा सरळ विचार. खोली लहान होती, पण दाराला आतून कडी होती. त्या कडीवर बाईंचा भारी जीव.

एकच गोष्ट त्यांना कळेना. अंघोळ झाली रे झाली की नर्स आणि वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन दारावर थापा मारायचे.

"आजी, ठीक आहात ना?"

"मेल्यांनो, बाईमाणूस न्हाऊन निघतंय, काही लाज हाय का नाय?" बाई आतून गरजायच्या.

न्हाणीघरात एक लाल दोरी लोंबत होती. पडलात तर ओढा, नर्सकडे घंटा वाजेल, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण तेव्हा बाई इथल्या चहात साखर किती घालतात याची चौकशी करत होत्या. शेतकऱ्याच्या घरात लोंबती दोरी वाया जाते होय? त्यांनी तिचं टोक नळाला बांधलं आणि रोज त्यावर ओला परकर वाळत घातला.

मॅनेजर शेखर साहेबांची खात्री पटली, की आजी रोज पडतात आणि लपवतात. त्यांनी योगेश आणि उज्वला या बाईंच्या मुलांना ऑफिसात बोलावून घेतलं आणि बाईंनाही बसवलं. आता आजींना देखभाल विभागात हलवायचं. तिथे दाराला कडी नाही, अंघोळसुद्धा दुसऱ्याच्या हातची. ऐकून बाई फणकारल्या, "मी पडतेच कुठं?"

"पण पडत नाही, तर दोरी कशाला ओढता?" साहेबांनी विचारलं.

"कोणची दोरी? परकर घालते ती?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. दारातली नर्स खो-खो हसत सुटली, आणि बाईंनीही लाजून पदर तोंडाला लावला. विषय इथेच मिटायला हवा होता. पण काळजीला एकदा पाय फुटले की ती थांबते कसली!

"तरी रात्रीपुरती एक बाई ठेवू," योगेश म्हणाला.

"दिवसाही ठेवू," उज्वला म्हणाली.

"दिवसरात्र बाई, वर वॉकर!" योगेश पुढे सरसावला.

"वॉकर आणि कॅमेरा!" साहेबांनी चढवलं.

बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. कांद्याच्या लिलावात व्यापारी असेच ट्रॅक्टरभोवती उभे राहून बोली चढवतात. पण तिथे शेवटचा शब्द शेतकऱ्याचा. भाव पटला नाही तर तो माल देत नाही, सरळ ट्रॅक्टर वळवून घरी नेतो. बाईंनी असे कितीतरी ट्रॅक्टर वळवले होते.

त्या ताडकन उठल्या. "माल द्यायचा नाय!"

"कुठला माल, आई?" योगेश गोंधळला.

"मी! मघाधरनं बोली लावताय, मालकिणीला इचारलं का?"

उज्वलाचा चेहरा उतरला. लहानपणी तीही आईबरोबर मार्केटात जायची. तिला फार वाईट वाटलं. "चुकलंच आमचं. तुझा भाव सांग."

"खोली माझी, कडी माझी. पडले तर दोरी वढीन, तवा खुशाल दार तोडा. नायतर दार वाजवायचं. मी 'या' म्हणले तरच आत यायचं."

साहेबांनी मान डोलावली.

"मग चला, च्या पाजते," म्हणत बाई पुढे निघून गेल्या. मागून तिघं पोचले तर दार बंद. योगेशने हलकेच टकटक केलं. आत कपबशा वाजल्या, स्टूल सरकलं, बाईंनी निवांत खाकरून घेतलं. 'या' काही म्हटलं नाही. तिघं बाहेर उभे राहिले.