ओडिलोनचा अंगठा

ओडिलोनने सायकलच्या पुढच्या चाकावर अंगठा दाबला, डोळे मिटले, गंभीरपणे मान हलवली आणि पंपाचा दट्ट्या दोनदा दाबला.

"किती ठेवलीस रे हवा?" शेजारच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या रोखेने विचारलं. त्याचा मुलगा दुपारच्या शर्यतीत धावणार होता.

"अंगठ्याला विचार. आम्हाला नाही लागत तुझ्यासारखं हवा मोजायचं मीटर!"

रोखे चडफडत आत गेला. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या चिखलात सायकलची शर्यत लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, की वीटभट्टीवरच्या या ओडिलोनचा अंगठा कधी चुकत नाही.

आणि तो अंगठा ऑक्टोबरपासून ठार बधिर होता. टाचणी टोचली तरी पत्ता लागत नव्हता. दर रविवारी ओडिलोन निव्वळ नाटक करत होता, आणि बायकोलासुद्धा त्याने हे सांगितलं नव्हतं. गेल्या रविवारच्या शर्यतीत त्याची पुतणी ग्रीट उतारावरून घसरली. हनुवटीला चार टाके पडले. हवा जास्त होऊन टणक चाक चिखलात सटकलं असणार, दुसरं काय! तेव्हापासून बिचाऱ्याला घास गोड लागत नव्हता. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून तो आला होता.

"ग्रीट, ऐक जरा—"

"काका, आधी सूप आण ना. हात गारठलेत माझे."

दर रविवारी हिला सूप हवं असायचं आणि दर रविवारी ते तसंच उरायचं. तो कप घेऊन परतला, तोवर पोरगी सायकल घेऊन शर्यतीला निघालीही होती. सांगायचं राहिलंच.

आठ दिवसांच्या पावसाने शेताचा नुसता राडा झाला होता. दर फेरीला ग्रीट यायची, चिखलाने लडबडलेली सायकल त्याच्या अंगावर टाकायची, दुसरी धुतलेली घेऊन पळायची. तो पाण्याचा झोत मारायचा, साखळीला तेल द्यायचा आणि पुन्हा उताराकडे डोळे लावून उभा राहायचा. शेवटच्या फेरीला भोंग्यातून आवाज आला, "उतारावर एकजण पडली!"

ओडिलोनने टाचा उंचावून उताराकडे पाहिलं. देवा, ती नको!

ग्रीट नव्हती. खांद्यावर सायकल टाकून ती चढावर दिसली. डोळे सोडले तर सगळी चिखलाची. नववी आली, आणि धडधाकट आली! ओडिलोन उलट्या बादलीवर मटकन बसला.

ती जवळ आली तेव्हा त्याला राहवलं नाही.

"ग्रीट, माझा अंगठा मेलाय गं. काही कळत नाही त्याला. गेल्या रविवारी तू पडलीस ती माझ्यामुळे."

"छे! ती माझ्या मूर्खपणाने. भर उतारात ब्रेक दाबला मी." तिने नाक पुसलं. "आणि अंगठ्याचं माहितीये मला, काका. नोव्हेंबरात चाक दगडासारखं लागलं, तेव्हाच कळलं. तू सूप आणायला गेलास की मी दोन्ही सायकलींची हवा मोजून घेते."

"म्हणजे ते सूप...?"

"मला टोमॅटोचं सूप आवडतं तरी का रे?"

ओडिलोन आधी हसला, मग त्याचे डोळे भरून आले. छातीवरची धोंड उतरली होती. "मग बोलली का नाहीस, गधडे?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

थोड्या वेळाने तो उठला. ग्रीटची सायकल ढकलत रोखेच्या गाडीपाशी गेला. चाकावर अंगठा ठेवला, सवयीने, आणि उचलून घेतला.

"रोखे, तुझं मीटर दे रे जरा."

रोखेने तोंड उघडलं. चाळीस वर्षं साठवलेला टोमणा जिभेवर आला असणार. पण त्याने ओडिलोनच्या हाताकडे पाहिलं, मीटर काढलं, त्याची काच स्वेटरच्या बाहीने नीट पुसली आणि पुढे केलं.