पुसलेले गोल

मी एक सरावाची पुस्तिका बोलतेय. बसा जवळ, पण बोटं आवरा. बोटांचं आणि माझं काय वाकडं आहे, ते सांगतेच.

छापखान्यातून निघाले तेव्हा चांगली गुटगुटीत होते मी. वाचनाची परीक्षा देणाऱ्या पोरांसाठी चाळीस उतारे, प्रत्येकाखाली पाच प्रश्न, प्रश्नाला अ, ब, क, ड. उतारे तरी कसले! कुठे मुंग्या, कुठे दीपगृह, कुठे साबण कसा होतो ते. वाचायचं आणि ‘लेखकाला काय म्हणायचं आहे’ त्याला गोल करायचा. त्या लेखकाला कुणी जाऊन विचारलं होतं का, देव जाणे. शेवटी उत्तरांची पानं होती. ती पुढे फाडली गेली, म्हणून माझं शिक्षण आपलं अर्धवट.

पहिली मालकीण डॉक्टरांची लेक. हुशार, पण पेन्सिल अशी दाबायची, जसं काही मी तिचं घोडं मारलंय! बरोबर उत्तराभोवती करकचून गोल. तिला मोठ्या निवासी शाळेत जागा मिळाली आणि मला रद्दीत.

तिथून मला उचललं इस्त्रीवालीनं. रस्त्याकडेला खोली, खोलीत लांब टेबल, टेबलावर वाफेची इस्त्री आणि भोवती दुनियेचे चुरगळलेले शर्ट. तिला दोन लेकी. थोरलीला त्याच शाळेत घालायचं तिनं मनात घेतलं होतं. राहणं, जेवण, शिक्षण सगळं शाळेचं. परीक्षेला मात्र एकदाच बसता येतं, तेही अकरावं वर्ष संपायच्या आत. नाहीतर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायला जागा होतीच.

इस्त्रीवाली स्वतः जेमतेम अक्षरं लावणारी. पण लेकीनं स्वतःच्या डोक्यानं सोडवावं म्हणून दोन दुपारी बसून तिनं माझे सगळे गोल खोडले. उत्तरांची पानं फाडून तुटक्या बटणांच्या डब्यात लपवली. मला खाकी कव्हर घातलं.

शिसं गेलं गं बाई, पण खड्डे राहिले.

तिसऱ्या दिवशी थोरलीचं बोट अ, ब, क वरून घसरत आलं आणि ‘क’पाशी अडकलं. मला अशा गुदगुल्या झाल्या! तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि तिथेच गोल केला. मी गालातल्या गालात हसले. म्हातारीला एवढी तरी मजा नको का?

संध्याकाळी आईनं बटणांचा डबा उघडून पडताळून पाहिलं.

“पाचच्या पाच? अगं, उतारा होता तरी कशावर?”

“मुंग्यांवर.”

“काय करतात मुंग्या?”

“चालतात.”

“चावट कुठली!” आई हसत सुटली. त्या हसण्यात थोरली नव्हती.

मग रोज पाचच्या पाच. कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, “आमची चुकतच नाही हो!” पोरीला उतारा वाचायची गरजच उरली नाही. मी तिला आयतं वाढत राहिले, ती गिळत राहिली.

परीक्षेआधी शाळेला निबंध पाठवायचा होता. ‘मला या शाळेत का यायचं आहे?’ कच्चं लिहायला थोरलीनं माझं शेवटचं कोरं पान घेतलं. हळूहळू, दाबून दाबून लिहिलं:

‘मी उत्तरं बोटाने काढते. लांब वाक्य आलं की मला सुरुवात विसरायला होतं. आईला माहीत नाही. मला खरंच वाचायला शिकायचं आहे, म्हणून मला घ्या.’

एवढंच. चाळीस उताऱ्यांत असलं एक वाक्य नव्हतं माझ्याकडे.

“आई, निबंधात खरं लिहिलं तर चालतं?”

आई कॉलर दाबत होती. “खरंच लिहायचं. पण चांगलं खरं लिही हं.”

थोरलीनं माझं शेवटचं पान पुन्हा उघडलं. मग खोडरबरानं सगळं खोडलं. पक्क्या कागदावर, कपडे न्यायला येणाऱ्या एका शिकवणीच्या बाईंनी सांगितलं ते गेलं: ‘मला वाचनाची अतोनात आवड आहे.’

परीक्षेहून आली तेव्हा आईनं इस्त्रीसुद्धा खाली ठेवली नाही, तशीच विचारती झाली, “कसा होता पेपर?”

“गुळगुळीत,” थोरली म्हणाली.

आईला वाटलं, सोपा गेला.

पत्र आलं. “तूच वाच, तुला पटकन येतं,” आई म्हणाली. थोरलीनं एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचलं. पन्नासात अकरा. निवड नाही. आई सगळ्यांना सांगते, पोर ऐन वेळी घाबरली.

आता थोरली टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असते. बाह्या छान करते.

काल आईनं मला पुन्हा काढलं, धाकटीसाठी. थोरलीचे गोलही खोडले. एकावर एक दोघींचे खड्डे झालेत, आता आंधळ्यालाही लागतील. “ताईचं हिच्यात एक उत्तर चुकलं नव्हतं,” आई धाकटीला म्हणाली. नवं कव्हर नीट बसेना, तेव्हा शेवटचं पान डिंकानं त्याला चिकटवून टाकलं. “कोरंच आहे.”

थोरलीनं पाहिलं. तिच्या हातातली इस्त्री एका जागी थांबली आणि पांढऱ्या शर्टावर पिवळा डाग उठला.

“लक्ष कुठाय तुझं?”

“कुठे नाही.”

अगं, बोल की! नाहीतर तुझ्या हातातली वाफ माझ्या पानांवरून फिरव एकदा, कागद फुगून खड्डे बुजतील. पाच पावलांवर आहे मी. कोरी झाले तर निदान वाचावं तरी लागेल तिला. मी ओरडतेय, पण आम्हा पुस्तकांचा आवाज उघडल्यावरच फुटतो, आणि माझं ते पान कधी उघडायचं नाही.

आज धाकटी बसली. तिचं बोट घसरत आलं, ‘क’पाशी अडकलं. तिनं मान वर करून ताईकडे पाहिलं. ताईनं शर्ट उलटा केला.

मला गुदगुल्या झाल्या नाहीत.

पाचच्या पाच आलेत. आई टाळ्या वाजवतेय.