वळचणीखालची फट

सासूबाईंच्या खोलीबाहेरची वळचण दुसऱ्यांदा कुजली. वाशांच्या टोकांवर ठोकलेली उभी फळी नखाने उकरली तरी तिचा भुसा पडत होता. तिच्याखालच्या आडव्या फळ्या पोट सुटल्यासारख्या लोंबत होत्या आणि आत भिंतीवर ओल उतरत होती. सासूबाईंचा मुक्काम बैठकीतल्या सोफ्यावर. टीव्ही उशाशी, येणारेजाणारे पायाशी. माझी खोली मला परत द्या, एवढंच त्या रोज म्हणत.

नवऱ्याचं ठाम मत, लाकूडच वाईट. सुताराचं मत, रंग हलका. मी म्हणत होते की लाकूडही बरं आहे आणि रंगही. छपराखालची दमट हवा बाहेर पडावी म्हणून सुताराने आडव्या फळ्यांत बारीक फट ठेवली होती, ती नवऱ्याने दोन्ही वेळा फोम भरून बुजवली. या घरात फट दिसली की बुजवतात. त्यात कुणी कारण विचारत नाही. इथे निदान कारण होतं. वारा सुटला की ती फट शिट्टी वाजवायची आणि सासूबाईंचा डोळा लागायचा नाही. हुकूम त्यांचाच होता.

हे मी किती वेळा समजावलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी.

नव्या फळ्या आल्या. सुताराने शिडीवरून विचारलं, फट ठेवायची की नाही, एकदाच काय ते ठरवा. नवरा म्हणाला नको. सासूबाई म्हणाल्या नकोच. मी म्हणाले, ठेवा, चौपट रुंद ठेवा आणि आतून जाळी मारा.

सुतार खाली उतरला. हे शिडीवर उभं राहून ऐकण्यासारखं त्याला वाटलं नसावं.

"आवाज बंद करायला भोक मोठं?" नवरा म्हणाला. "आई, ऐकलंस ना? शिकलेली सून."

ओठ आवळले तर शिट्टी वाजते, तोंड उघडं ठेवलं तर वाजत नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याने ताबडतोब आ वासला आणि तसाही एक भसाडा आवाज काढून दाखवला. सुतार हसला. त्या दोघांना सोडून मी सासूबाईंसमोर जाऊन बसले.

"आई, फट बुजवली की फळ्या पुन्हा कुजणार आणि तुम्ही पुन्हा सोफ्यावर. खोली तुमची आहे, तुम्हीच सांगा."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "आणि वाजली तर?"

"तर मी तिथे झोपेन. तुम्ही आमच्या खोलीत या."

"मग मी कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"तू सोफ्यावर," सासूबाई म्हणाल्या आणि सुताराला हाताने खूण केली, कर रुंद.

फळ्या बसल्या, रंग झाला, भिंत वाळली. मग एका दुपारी वारा उठला. आम्ही तिघं त्या खोलीत कान देऊन उभे राहिलो. काहीच वाजलं नाही.

"आज वाराच नाहीये," नवरा म्हणाला.

खिडकीबाहेर दोरीवर त्याचाच शर्ट दोन्ही बाह्या पसरून आडवा झाला होता. मी बोलले असते तर थांबले नसते.

सासूबाई पलंगावर आडव्या झाल्या. "बरं, वारा सुटला की मला उठव," त्या लेकाला म्हणाल्या आणि भिंतीकडे कूस वळवली.