कडीला बांधलेली चिंधी

"हळू. बाबा नाईट करून आले."

आईचा हा आवाज पीयूषच्या कानात लहानपणापासून मुरलेला. आवाज कसला, ओठांवरच्या बोटाआडून पाझरलेला नुसता श्वास. बाबा, म्हणजे केवलराम, पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या भट्टीवरून रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे, अंगाला गॅसचा वास, वरणभात खाऊन आतल्या खोलीत आडवे व्हायचे. मग कारखान्याच्या वसाहतीतलं, सेक्टरमधलं ते क्वार्टर भर दिवसा रात्र पांघरून घ्यायचं. खिडकीला जाड चादर. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात. दाराच्या कडीला चिंधी, म्हणजे ती वाजायला नको. शेजारीपाजारी चिंधी पाहिली की न बोलता माघारी फिरायचे.

आई, मथुरा, तांदूळ निवडताना गात असे. भंडाऱ्याकडच्या माहेराहून आणलेलं, भाताच्या खाचरांचं गाणं होतं ते:

धानाच्या बांधीवर पाखरू उतरलं
दाणा टिपता टिपता माहेर आठवलं

नाईटच्या आठवड्यात तेही गाणं घशातच राहायचं.

पुढे पीयूष मोठा झाला, हैदराबादला नोकरीला लागला, आणि एका पावसाळ्याच्या शेवटी नोकरी सोडून बॅग घेऊन परत आला. "थकलो," एवढंच म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

घराकडे देण्यासारखी जी सगळ्यात मोलाची वस्तू होती, ती घरानं त्याला दिली. खिडकीला चादर लागली, कडीला चिंधी आली. "पोरगा लई दमून आला," केवलराम दबल्या आवाजात म्हणत, "झोपू दे त्याले पोटभर."

पोरगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. छातीवर ओल्या वाळूचं पोतं ठेवल्यासारखं वाटे. ते ढकलायला हात उचलावा लागतो आणि हातच आपला वाटत नाही, असे ते दिवस. भूक लागत नव्हती, रडू येत नव्हतं, कशाची ओढ नव्हती. ऐकू मात्र सगळं येई. आईची पावलं दारापर्यंत येत, थबकत, आणि हलकी होऊन परत जात. त्याला वाटे, ज्याच्यामुळे घराचं गाणं बंद पडलं तो माणूस मी. मी नसतो, तर हे लोक मोठ्यानं बोलले असते. दिवसांमागून दिवस तो हेच उगाळत राहिला.

दिवाळीला धाकटी बहीण उन्नती नागपूरच्या होस्टेलवरून आली. तिनं चिंधीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ आत घुसून चादर ओढून काढली.

"भैया, ये क्या गुफा बना के रखी है? उठ ना, मले चहा करून दे."

पीयूषनं डोळ्यांवर हात धरला. "उन्नू," तो म्हणाला, "मले बरं नाही वाटून राहिलं. लई दिवसांपासून."

ती थट्टा विसरली. दुसऱ्याच दिवशी दोघं शेजारच्या दुर्ग शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. डिप्रेशन, बाई म्हणाल्या, सर्दीखोकल्याचं नाव घ्यावं तितक्या सहज. गोळ्या सुरू झाल्या, बोलायला जाणं सुरू झालं. सुधारणा आली ती चोरपावलांनी. एकदा वरणात मीठ कमी आहे हे त्याला कळलं. एकदा त्यानं आपणहून दाढी केली. एका रविवारी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून पावर हाउस भागातल्या बाजारात गेला, आणि त्या कलकलाटात उभा राहून चक्क वांगी निवडली. "काणी घेतली, किडकी," मथुरा म्हणाली, पण भाजी दोनदा वाढली.

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट बजावली होती. वाईट दिवस परत येतील. त्या दिवशी घरच्यांनी काय करायचं, ते आधीच सांगून ठेव.

पीयूषनं मान हलवली होती, घरी सांगितलं मात्र नव्हतं. कसं सांगणार? ज्या हातांनी इतक्या मायेनं चिंधी बांधली, त्या हातांना काय म्हणायचं? आई जन्मभर जिवाला लावून घेईल.

मग थंडीतल्या एका सकाळी डोळे उघडले तर वाळूचं पोतं परत छातीवर. चहाला हाक आली, तो उठला नाही. बाहेर कुजबुज झाली.

"उठला नाही का?" बाबा नुकतेच नाईटवरून आले होते.

"नाही. भिंतीकडे तोंड करून हाय."

"मंग झोपू दे. कुकर नको लावू."

जुनं धोतर फाडल्याचा आवाज आला. पीयूषला कळलं, आता कडीला चिंधी लागेल. आणि ती लागली, की मागच्या वेळचे सगळे महिने पुन्हा आत येऊन बसतील.

त्यानं पाय जमिनीवर टेकवले. फरशी गार होती. खोलीपासून दारापर्यंतचं अंतर त्याला धानाच्या बांधीतून चालल्यासारखं वाटलं, पाय चिखलातून उपसत.

केवलराम मफलर न काढताच कडीला गाठ मारत होते. मथुरा सुपात तांदूळ घेऊन बसली होती, ओठ मिटून.

"जागा झाला का?" बाबा ओशाळले. "आमी तर हळूच बोलून राहिलो होतो."

"चिंधी कोणासाठी बाबा? नाईट तर तुमी करून आले."

"दोघांसाठी समज. एका चिंधीत दोन नाईटवाले."

पीयूषनं हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्यानं कडीला हात घातला आणि गाठ सोडवू लागला.

"काऊन रे? झोप ना थोडा," आई म्हणाली.

"आई, मी झोपत नव्हतो."

"आज?"

"आज बी, अन् तेव्हा बी. तुमी जे हळू बोलले ते सारं मले ऐकू येत होतं. तू दारापर्यंत येऊन वापस जात होती, ते बी. मी पडल्या पडल्या वाट पाहून राहिलो होतो, का आज तरी कोणी कडी वाजवन." चिंधी सुटून त्याच्या हातात आली. "तू गात जा आई, मोठ्यानं. अन् मी उठलो नाही, तर वाजवा ही कडी. मी उठेपर्यंत वाजवा."