चिमीची झोपायची जागा

ज्याच्या दंडाला टेप पुरत नाही, अशा माणसाला घाम फुटला तो साडेतीन वर्षांच्या पोरीच्या ओठावरची लव बघून. शिवाय कपाळावर वयात आलेल्या पोरांसारख्या पुटकुळ्या, पायांवर काळे केस. बायकोने चिमीला उचललं आणि नवऱ्याला सोबत घेऊन तडक त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे आणलं.

जिममध्ये तो सगळ्यांचा भाऊ. पण भाऊची उघडी पाठ महिनोन्महिने कुणी पाहिली नव्हती. स्पर्धेसाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनी ती पिकलेल्या फोडांनी भरली होती. बायकोला त्याने घामोळं सांगून गप्प केलं. मग जिममधल्या एका शहाण्याने सल्ला दिला, सुई सोड, हार्मोनचं जेल लाव, कुणाला पत्ता लागत नाही. तेव्हापासून तो रोज दोन्ही खांद्यांवर जेल चोळायचा आणि दुपारी चिमी तिथेच गाल टेकून झोपायची.

"घरात कुणी अंगाला हार्मोनचं जेल वगैरे लावतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही हो," बायको म्हणाली. "साधं क्रीमसुद्धा नाही आमच्याकडे."

आपलं जेल चिमीच्याही अंगाला लागत असेल, हे आजवर त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टरांची नजर त्याच्या मानेवरच्या फोडांवर थांबली. "मग पोटात किंवा डोक्यात गाठ आहे का, ते शोधावं लागेल. रक्त काढू. स्कॅनसाठी हिला भूल द्यावी लागेल."

ट्यूब त्याच्या बॅगेत होती, मोज्यात गुंडाळलेली. बोललं तर बायको पोरीला घेऊन माहेर गाठणार. नाही बोललं तर त्या एवढ्याशा हातात सुया जाणार, आणि त्याही नसलेल्या गाठीसाठी. दोनशे किलो उचलणाऱ्या गड्याची जीभ काही उचलेना.

"मी लावतो," तो शेवटी म्हणाला. "खांद्यांना. सात महिने झाले."

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. "ती रोज तिथेच झोपते," एवढंच ती म्हणाली.

"आजपासून बंद," डॉक्टर म्हणाल्या. "बरंचसं ओसरेल. सगळं ओसरेल असं मी आज सांगू शकत नाही."

चिमी कंटाळली होती. तिची झोपेची वेळ झाली होती. "बाबा, उचल," म्हणत तिने दोन्ही हात वर केले.

घरून निघताना सवयीने त्याने आजही जेल लावलं होतं. तो मागे सरकला, भिंतीला टेकला, पाठीतले फोड ठणकले. हात त्याने पाठीमागे घट्ट धरले.

चिमीला वाटलं, खेळ सुरू झाला. ती हसत त्याच्याकडे धावली.