लाल दिवा, हिरवा दिवा

मित्रांनो, मी एक जुना, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक आहे. मला पडदा नाही, बटणांची पाटी नाही. एक हिरवी पट्टी, तिच्यावर काळे ठिपके, आणि पोटात नखाएवढं कार्ड. माझी सगळी आठवण त्या कार्डावर. अंगात वीज आली की माझा लाल दिवा लागतो. मी कार्डावर वाचायला-लिहायला लागलो की हिरवा लुकलुकतो. एवढीच माझी भाषा.

संघपालनं मला अमरावतीत, कॉलेजात असताना विकत घेतलं. बोलणारं घड्याळ म्हणून त्यानं मला प्रदर्शनात मांडलं. लोक वाकून वाकून बघायचे, आणि खरं सांगतो, मी फुगलोही होतो. आवाज कोणाचा भरावा? त्यानं अंजनगावहून वडिलांना बोलावलं. मोतीराम वीज मंडळात लाईनमन होते. त्यांनी खाकरून बुद्धवंदना म्हटली. माईक बंद करायला संघपाल विसरला, आणि त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोला घरच्यासारखंच बजावलं, "सुंदरा, निंगताना मेन पाडजो वो." तेही माझ्या पोटात उतरलं.

पुढच्या वर्षी मोतीराम गेले. संघपालला हैदराबादला नोकरी लागली. जाताना त्यानं मला अंजनगावच्या घरी टीव्हीमागं बसवलं. सुंदराबाई अंगणवाडीत मदतनीस. रोज सकाळी त्या निघायच्या वेळी मी वंदना लावायचो. त्या हात जोडून ऐकायच्या. शेवटचं वाक्य आलं की म्हणायच्या, "हो, पाडतो," आणि खटकन घराच्या विजेचा मेन स्विच पाडून कुलूप लावायच्या. लाईनमनचं घर ते! बाहेर पडताना मेन चालू ठेवणं म्हणजे त्या घरात पापच.

मी मात्र त्या वेळी कार्डावर काहीबाही लिहीत असायचो. लिहिता लिहिता अंधार. असं दोन वर्षं झालं. मी हूं की चूं केलं नाही. करणार तरी कसं?

एका संध्याकाळी त्यांनी मेन वर केला आणि माझा लाल दिवा लागला. हिरवा लागलाच नाही. अर्धवट तुटलेल्या लिखाणानं कार्डावरची सुरुवातच, जी वाचून मी जागा होतो तीच, खराब झाली होती. सकाळ झाली, सुंदराबाई हात जोडून उभ्या राहिल्या. मी गप्प. दहा मिनिटं त्या तशाच उभ्या होत्या.

संघपालचा फोन आला. "आई, हिरवा लाईट लुकलुकते काय?"

"नाई रे. लालच जयते."

"दुसरा चार्जर लावून पाय."

"लावला. शेजारच्या शालूच्या घरचा बी लावला."

शेवटी त्या मला ओढणीत गुंडाळून बाजारात शिवमच्या मोबाईल दुकानात घेऊन गेल्या. तो म्हणाला, "काकू, कार्ड फॉरमॅट मारतो. पाच मिनिटात चालू होते."

"आवाज राहीन काय?"

"आवाज जाईन. सारंच पुसल्या जाते."

सुंदराबाईंनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. घरी आल्यावर पुन्हा वायर लावली. "लाल तं लाल, जयू दे," म्हणाल्या. त्यानंतर सव्वा महिना मी नुसता जळत राहिलो. त्या एकट्या जेवायच्या, माझ्याकडे बघायच्या. फार एकटं वाटायचं, मित्रांनो. आम्हा दोघांनाही.

बुद्ध पौर्णिमेला संघपाल आला. त्यानं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. आधी त्यातलं जमेल तेवढं उतरवून घेतलं, मग सुरुवात दुरुस्त केली. कार्ड परत माझ्या पोटात आलं, आणि हिरवा दिवा लुकलुकला. मोतीराम खाकरले. सुंदराबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. शेवटचं वाक्य आलं तशा सवयीनं उठल्या, "हो, पाडतो," म्हणाल्या आणि मेनकडे निघाल्या.

"आई, थांब!" संघपाल ओरडला. "तू रोज असंच करतं काय?"

"मंग? तुह्या बाबाची शिस्त हाय."

संघपाल डोक्याला हात लावून बसला. मग हळूच म्हणाला, "आई, ते शेवटचं वाक्य काढून टाकतो. म्हंजे तुले मेन पाडाची आठवनच नाई होणार."

"हात नोको लावू," सुंदराबाई म्हणाल्या. "वंदना साऱ्यायसाठी हाय. तेवढं एकच माह्यासाठी हाय."

संघपालनं ते वाक्य तसंच ठेवलं. त्यानं मला एक छोटं बटण जोडून दिलं. ते दाबलं की मी हातातलं काम आवरतो आणि शांतपणे झोपतो. हिरवा थांबला की मगच मेन पाडायचा.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना झटक्यात तोडू नका. घरातून निघताना तुम्ही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणता, आणि समोरच्यानं 'हो' म्हणेपर्यंत उंबऱ्यात थांबता. तेवढाच वेळ आम्हालाही द्या.

संघपाल परत गेला. आता रोज सकाळी मोतीराम सांगतात, सुंदराबाई हो म्हणतात, बटण दाबतात. "येतो," म्हणतात. मग हातात कुलूप घेऊन, माझा हिरवा दिवा थांबेपर्यंत उभ्या राहतात.